म्हशीचं दूध संघाला आणि पोराला प्रोटीनचं पाकीट?

प्रश्न : ताई, आम्ही निपाणीजवळच्या गावात राहतोय. घरात दोन म्हशी, सकाळ-संध्याकाळ दूध संघाला जातंय, घरी लिटरभर ठेवतो. थोरला पोरगा 19 चा, वजन 60 किलो, अग्निवीर भरतीची तयारी करतोय, पहाटे रनिंग आणि संध्याकाळी जिम. जिमच्या सरांनी सांगितलं म्हणून आता प्रोटीनवालं दूधच पाहिजे म्हणून बसलाय. अर्ध्या लिटरचं पाकीट 65 रुपये, त्यावर 30 ग्रॅम प्रोटीन लिहिलंय. ते नसंल तर 2200 चा व्हे पावडरचा डबा तरी घ्या म्हणालाय. मालक म्हणतात, तालमीतली पोरं आपल्या म्हशीच्या दुधावरच वाढली, हे कसलं खूळ काढलंय. खरंच काय फरक असतोय का?
– एक आई, निपाणी भाग

उत्तर : अक्का, मालकांचं बरंचसं बरोबर आहे, पोराचंही अगदीच खूळ नाही, पण आधी ते पाकीट उलटं करून मागची बाजू बघूया.

हे दूध काय कुठल्या वेगळ्या म्हशीचं नसतंय. एक तर साध्या दुधात दुधाचीच पावडर किंवा दुधातून काढलेलं प्रोटीन मिसळतात, नाहीतर दूध अगदी बारीक छिद्रांच्या फिल्टरमधून दाबून गाळतात, त्यात पाणी आणि दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज खाली जातंय आणि प्रोटीन वर राहतंय. कुठली पद्धत ते घटकांच्या यादीत कळतं, पावडर किंवा मिल्क सॉलिड्स घातले असतील तर तसं लिहावंच लागतं. लेबल कन्नड-इंग्लिशमध्ये असलं तरी आकडे सगळ्यांना वाचता येतात. फक्त एवढं बघा की तो आकडा 100 मिलीचा आहे का अख्ख्या पाकिटाचा, कारण पुढच्या बाजूला नेहमी मोठा आकडाच छापतात.

आता तुमच्याच आकड्यांचा हिशोब. म्हशीच्या दुधात 100 मिलीला साधारण 3.7 ग्रॅम प्रोटीन, गाईच्या दुधात 3.2 च्या आसपास. म्हणजे घरचं अर्धा लिटर प्यायला तर 18 ग्रॅम तसंही मिळतंय, आणि तेच दूध संघाला घातलं असतं तर 25 रुपये आले असते असं धरू. पाकिटात 30 ग्रॅम आणि खर्च 65. म्हणजे तुम्ही 40 रुपये जास्त मोजताय ते फक्त वरच्या 12 ग्रॅमसाठी. तेवढंच 12 ग्रॅम दोन अंड्यांत मिळतंय, 14-15 रुपयात. नाहीतर 50 ग्रॅम शेंगदाण्यात, ते तर त्याहूनही स्वस्त, आणि आपल्याकडं शेंगा काय विकत आणायची वस्तू आहे होय! शेंगदाण्याचं प्रोटीन एकटं दुधाइतकं भारी नाही हे खरं, पण भाकरी, आमटी, दूध सगळं मिळून दिवसभरात ती कसर भरून निघते.

महिन्याला 1200 रुपयांचा फरक झाला की हो. दोन महिन्यांच्या फरकात रनिंगचे बरे बूट येतात, आणि भरतीतलं 1600 मीटर पळायला त्याला ते जास्त उपयोगी पडतील असं माझं मत.

पोराला लागतंय किती? आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2020 च्या शिफारशीप्रमाणे साध्या माणसाला किलोमागं 0.83 ग्रॅम, म्हणजे 60 किलोला 50 ग्रॅम. जोरात व्यायाम करणाऱ्याला किलोमागं 1.2 ते 1.6 पर्यंत धरतात, म्हणजे 72 ते 96. आता त्याचं ताट मोजा. चार भाकरी, जोंधळ्याच्या, भाकरीमागं सहा ग्रॅम धरलं तर 24. दोन वाट्या मडकीची उसळ किंवा घट्ट आमटी, तेरा-चौदा. अर्धा लिटर दूध 18, मूठभर शेंगदाणे किंवा चटणी 7, दोन अंडी 12. पंचाहत्तरच्या आसपास झालंच की! पण हे आमटी घट्ट असली तर हं, नुसता पातळ कट भाताबरोबर ओरपला तर त्यात तिखट जास्त आणि डाळ कमी. आणखी पाहिजे असलं तर फुटाणे आहेत, सोया चंक्स आहेत, त्या सुक्या चंक्समध्ये 100 ग्रॅमला 50 ग्रॅमच्या वर प्रोटीन असतंय आणि पाकीट स्वस्तात मिळतंय, मटणाच्या मसाल्यात केले तर पोरं कुरकुर न करता खातात.

एक मुद्दा मात्र पोराचा बरोबर निघू शकतो. म्हशीच्या दुधात फॅट सहा-सात टक्के, अर्ध्या लिटरात तीसेक ग्रॅम. पळणाऱ्या पोराला ती ताकद लागते, त्यामुळं मला त्याची काळजी नाही, पण वजन कमी करायचं असलं तर दूध तापवून गार करून साय काढून घ्या. सायीबरोबर फॅट जातंय, प्रोटीन बहुतेक सगळं खालच्या दुधातच राहतंय, आणि घरात तूप होतंय ते वेगळंच.

आता पावडर. दुकानात नुसतं 'दूध पावडर द्या' म्हटलं तर दुकानदार चहाची डेअरी व्हाइटनर हातात देतो, त्यात बहुतेक वेळा साखर घातलेली असते, ती नको. पाकिटावर 'स्किम्ड मिल्क पावडर' लिहिलेलं बघून घ्या. त्यात 100 ग्रॅमला 35 ग्रॅमच्या आसपास प्रोटीन. अर्धा किलो 250 ला मिळाली असं धरलं तर घरच्या अर्ध्या लिटर दुधात 35 ग्रॅम पावडर, म्हणजे चार-पाच मोठे चमचे, आधी थोड्या कोमट दुधात गुठळ्या मोडून मग बाकीच्यात ढवळली की 30 ग्रॅम प्रोटीनचं दूध तयार, एकूण खर्च 43 रुपयांच्या आत. पाकिटातल्या पहिल्या पद्धतीच्या दुधात यापेक्षा फार वेगळं काही नसतंय. एवढंच की पावडरीत निम्मं लॅक्टोज असतं, ज्याला दुधानं पोट फुगतंय त्याला हे दूध जास्तच फुगवेल.

चॉकलेटी डब्यातल्या, 'उंची वाढवा, ताकद वाढवा' वाल्या पावडरी या हिशोबात धरूच नका. त्यात साखर आणि माल्ट जास्त, प्रोटीन थोडं. केंद्र सरकारनं 2024 मध्ये ऑनलाइन दुकानांना असली पेयं 'हेल्थ ड्रिंक' या सदरातून काढा म्हणून सांगितलं ते उगाच नव्हे.

व्हे म्हणजे काय, तर पनीर-चीज करताना जे पाणी निघतं त्यातलं प्रोटीन काढून वाळवलेलं. वाईट वस्तू नाही, विष तर मुळीच नाही. किलोच्या डब्यात 24 ग्रॅम प्रोटीनचे तीसेक स्कूप निघाले तर 2200 ला 720 ग्रॅम प्रोटीन, म्हणजे ग्रॅमला तीन रुपये. अंडी, शेंगदाणे, दूध पावडर या सगळ्यांपेक्षा हे महागच पडलं. ज्याला हॉस्टेलवर राहून मेसचं पाणीदार वरण खायचंय त्याला सोय म्हणून ठीक, तुमच्या पोराला दारात म्हशी असताना गरज नाही. घेतलंच तर सीलबंद, एफएसएसएआय (सरकारी अन्न सुरक्षा प्राधिकरण) नंबर आणि बॅच नंबर असलेलं, पक्क्या बिलावर. जिममध्ये प्लास्टिकच्या पिशवीत सुटी मिळते ती पावडर फुकट दिली तरी घेऊ नका.

तेव्हा संघाला जाणाऱ्या दुधातलं अर्धा लिटर पोरासाठी जास्त ठेवा आणि पाकिटाचं राहू द्या. परीक्षेला, भरतीला बाहेरगावी गेला की तिथं दूध-भाकरी मिळत नाही, तेव्हा एखादं पाकीट प्यायला तर प्यायला.

प्रश्न : सासूबाई 74 वर्षांच्या, तापातून उठल्यापासून जेवण अर्ध्यावर आलंय, दूध दिलं की पोटात वायू धरतो. पुण्याच्या नणंदेनं लॅक्टोज-फ्री प्रोटीन दुधाचे खोके पाठवलेत. देऊ का?
– खानापूर

उत्तर : द्या. वरच्या घरात मी नको म्हटलं आणि इथं हो म्हणतेय, कारण सासूबाईंना चार भाकरी खा म्हणून सांगता येत नाही. म्हातारपणी खाणं कमी झालं की दंडाचं, मांडीचं मांस झपाट्यानं उतरतं, मग उठता-बसता आधार लागतो. अशा माणसाच्या पोटात एक कप जाणार असेल तर त्या कपात सहा ग्रॅमच्या ठिकाणी बारा ग्रॅम असलेलं केव्हाही चांगलं, इथं पैसे वसूल होतात. लॅक्टोज-फ्री दूध थोडं गोड लागतंय, ते साखर घातल्यामुळंच असं नाही, लॅक्टोज फोडलं की त्याची गोडी वाढते. पण घटकांच्या यादीत साखर नाही ना हे एकदा बघून घ्या, सासूबाईंना शुगर म्हणजे मधुमेह असला तर नक्कीच. सकाळी अर्धा कप, संध्याकाळी अर्धा कप अशी सुरुवात करा. रक्ततपासणीत क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारा आकडा) वाढलेलं असेल किंवा किडनीची गोळी चालू असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रोटीन वाढवू नका. दही चालत असेल तर तेही द्या, दह्यात लॅक्टोज कमी असतं आणि बहुतेकांना सोसतं. ताक पातळ असतं, त्यावर प्रोटीनसाठी भरोसा नको.

प्रश्न : प्रोटीन दूध उकळलं तर प्रोटीन मरतंय का? आमच्यात पाकीट आणलं की आधी उकळायचंच असतंय.
– शहापूर, बेळगाव

उत्तर : मरत नाही. उष्णतेनं प्रोटीनचा आकार बदलतो, पचायला आणि अंगाला लागायला ते तेवढंच राहतं. उकळून थोडी व्हिटॅमिन्स कमी होतात एवढंच. पिशवीतलं पाश्चराइज्ड असतं, तरी दुकानातल्या फ्रीजचा आणि लाइट गेलेल्या दुपारचा भरोसा नसतो म्हणून एक उकळी काढली तर हरकत नाही, पण प्रोटीन जास्त असल्यानं हे दूध तळाला लवकर लागतं, ढवळत राहा. खोक्यातलं यूएचटी, म्हणजे खूप जास्त उष्णतेवर क्षणभर तापवून सीलबंद केलेलं दूध उकळायची गरजच नाही, फोडलं की फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन दिवसांत संपवा. आणि कुंदा (दूध आटवून करतात ती बेळगावची मिठाई) करायला हे दूध वापरू का असं तुम्हीच पुढं विचारलंय, तर नका वापरू, कुंद्याला साधं म्हशीचं दूध लागतंय.