पाकीट उलटं करून बघा, ताई

तुमचा प्रश्न असा: आई आठ वर्षं 'अस्सल कोल्हापुरी' नावाने कांदा-लसूण मसाला विकतात, शॉप ॲक्ट आणि फूड लायसन्स आहे, आता शेजारच्या तालुक्यात कुणीतरी तेच नाव छापलंय, तर त्याला अडवता येईल का?

या नावावर अवघड आहे. शॉप ॲक्ट, उद्यम (छोट्या उद्योगाची सरकारी नोंद), जीएसटी ही धंद्याची नोंद झाली. त्यातून नावाचा हक्क मिळत नाही. आणि हे नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवायला गेलात तर 1999 च्या ट्रेडमार्क कायद्याचं कलम 9 आडवं येतं. 'अस्सल' म्हणजे दर्जा, 'कोल्हापुरी' म्हणजे गाव. हे शब्द एकाला दिले तर कोल्हापुरातल्या बाकीच्या मसालेवाल्यांनी पाकिटावर लिहायचं काय? वर्षानुवर्षांच्या वापराने असं नाव एकाचंच म्हणून ओळखलं जाऊ लागलं तर सूट आहे, पण एका तालुक्यातल्या विक्रीवर ते सिद्ध करणं कठीण.

एजंट म्हणेल, लोगो टाकू, होऊन जाईल. होतं खरं. मीही तेच केलं होतं. सर्टिफिकेट फ्रेम करून दुकानात लावलं. पुढे दुसऱ्याने तोच साधा शब्द वेगळ्या अक्षरांत, वेगळ्या रंगात छापला, तेव्हा वकिलांनी सांगितलं की तुमचा हक्क त्या अख्ख्या चित्रावर आहे, शब्दावर नाही. फ्रेम अजून भिंतीवर आहे.

पण तुम्ही टाकलेल्या फोटोत पाकिटाच्या मागे, वजनाच्या ओळीखाली, बारीक अक्षरात 'सगुणामाई' छापलंय. ताई, नोंदवायचं नाव ते आहे! ते पुढे मोठं आणा आणि 'कोल्हापुरी मसाला' खाली वर्णन म्हणून राहू द्या.

आता माळा उपसा. 'सगुणामाई' छापलेलं सगळ्यात जुनं काय सापडतं? पाकीट छापून घेतल्याचं बिल, जुनं बिलबुक, बचत गटाच्या प्रदर्शनातल्या स्टॉलची पावती. तारीख दिसली पाहिजे. अर्जात 'अमुक तारखेपासून वापरात' लिहिलं की त्याचं प्रतिज्ञापत्र आणि पुरावे जोडावे लागतात. आपल्याकडे आधी वापरणाऱ्याचं पारडं जड असतं. तिरुनेलवेलीच्या 'इरुट्टुकडाई हलव्या'च्या खटल्यात समोरच्याकडे नोंदणी असूनही सर्वोच्च न्यायालयाने आधीपासून वापरणाऱ्या बाजूला कौल दिला.

अर्जाआधी आयपी इंडियाच्या, म्हणजे ट्रेडमार्क नोंदवणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या, साइटवर फुकट सर्च करा. स्पेलिंगवर थांबू नका, उच्चारानेही शोधा, कारण 'अमृतधारा' आणि 'लक्ष्मणधारा' हीसुद्धा न्यायालयाला सारखी वाटली होती. मसाला क्लास 30 मध्ये (क्लास म्हणजे मालाचा ठरलेला गट) येतो. लोणचीही विकत असाल तर ती 29 मध्ये, फी वेगळी. व्यक्तीच्या नावाने किंवा उद्यम सर्टिफिकेट जोडून भरलंत तर ऑनलाइन फी एका क्लासला 4500 रुपये, उद्यम नसलेल्या कंपनीला 9000. अर्ज आईंच्याच नावाने भरा, एजंटच्या किंवा भावाच्या नको.

अर्ज भरल्या दिवसापासून नावाशेजारी 'टीएम' (ट्रेडमार्क) लिहा. वर्तुळातला 'आर' मात्र नोंदणी झाल्यावरच. आधी लावणं कायद्याने दंडनीय आहे. कार्यालयाचं ऑब्जेक्शन आलं तर उत्तराला एकच महिना मिळतो, तेव्हा स्पॅम फोल्डरही बघत जा. कार्यालयाच्या ट्रेडमार्क जर्नलमध्ये अर्ज छापून आल्यावर चार महिने कुणीही विरोध करू शकतो. नोंदणी अर्जाच्या तारखेपासून दहा वर्षं, पुढे नूतनीकरण.

त्या शेजारच्याला आत्ता नोटीस पाठवू नका. आधी बिलं सापडू देत, सगळ्यात जुनी तारीख इथे टाका, मग बघू.