तारखांचे दोन रकाने

सोलापूर

अनेक आशीर्वाद.

इजिप्तमधल्या सुएझ कालव्यावरून 1956 मध्ये पेटलेल्या संघर्षावरचा तुझा निबंध दोनदा वाचला. मेहनत पानोपानी दिसते, पण तिसऱ्या पानावरच्या 'लष्करी दुबळेपणामुळे ब्रिटनची जगात नाचक्की झाली' या वाक्याखाली मी पेन्सिलीने रेघ ओढली आहे आणि हे पत्र त्या एका वाक्यासाठीच लिहीत आहे.

सैन्य हरले नव्हते. 5 नोव्हेंबर 1956 रोजी ब्रिटनचे छत्रीधारी सैनिक कालव्याच्या तोंडाशी असलेल्या पोर्ट सैदला उतरले आणि दुसऱ्याच दिवशी, फौज पुढे सरकत असतानाच, लंडनला युद्धबंदी मान्य करावी लागली; कारण पौंड घसरत होता आणि अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी मित्रराष्ट्र असूनही हात देण्यास नकार दिला होता. त्याआधीच, 2 नोव्हेंबरला, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत युद्धबंदीच्या ठरावाच्या बाजूने 64 आणि विरोधात अवघी 5 मते पडली होती. हा आकडा तुझ्या निबंधात नाही, तो असायलाच हवा.

ब्रिटनचे पंतप्रधान अँथनी ईडन नवखे नव्हते, हे मला फार महत्त्वाचे वाटते. मुसोलिनीशी वाटाघाटी करण्यावरून 1938 मध्ये परराष्ट्रमंत्रिपद सोडणारा हा माणूस, आणि त्याच अनुभवामुळे त्यांना कालव्याचे राष्ट्रीयीकरण करणारे इजिप्तचे अध्यक्ष नासेर यांच्यात दुसरा मुसोलिनी दिसू लागला. खुद्द नौदलप्रमुख माउंटबॅटन यांचा मोहिमेला विरोध होता, तोही ऐकला गेला नाही. 24 ऑक्टोबरला पॅरिसजवळ सेव्ह्र येथे गुप्त करार झाला: इस्रायलने इजिप्तवर चाल करायची आणि ब्रिटन व फ्रान्स यांनी भांडण सोडवण्याच्या मिषाने कालव्यावर उतरायचे. पुढे या कराराच्या प्रती नष्ट करण्याची ईडन यांनी खटपट केली, त्यासाठी माणसे पुन्हा पॅरिसला धाडली, आणि 20 डिसेंबरला संसदेत सांगितले की इस्रायलच्या हल्ल्याची आपल्याला पूर्वकल्पना नव्हती. इस्रायलकडची प्रत मात्र शाबूत राहिली. माझ्या मते पत गेली ती इथे. चूक झाकण्यासाठी जे बोलले गेले, त्यामुळे चुकीवर कायमचा शिक्का बसला.

तुझा रोजचा रस्ता आपल्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून जातो, म्हणून एक जवळचे उदाहरण देतो. मिठाच्या चळवळीने आपली झोप उडत नाही, असे व्हाइसरॉय आयर्विन यांनी 1930 मध्ये लंडनला कळवले होते. मे महिन्यात गांधीजींना अटक झाली, सोलापुरात गोळीबार झाला, अधिकाऱ्यांना शहर सोडावे लागले आणि मग सरकारने इथे मार्शल लॉ पुकारला. त्याच महिन्यात गुजरातेत धारासणा येथे निःशस्त्र सत्याग्रहींची डोकी फुटली. वेब मिलर या अमेरिकी वार्ताहराच्या तारा सरकारने रोखून पाहिल्या, तरी ती बातमी जगभर छापली गेली. आणि 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात सोलापूरचे मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना फाशी दिले गेले, तेव्हा लंडनमध्ये गोलमेज परिषद चालू होती. हिंदी लोकांचे मत आम्ही ऐकतो आहोत, असे जगाला सांगण्यासाठी भरलेली ती परिषद! या दोन घटना एकाच आठवड्यात चालू होत्या, हे आठवले की आजही मला अस्वस्थ वाटते.

म्हणून एक काम कर. कोऱ्या कागदावर दोन रकाने आख. डावीकडे राज्यकर्त्यांना त्या तारखेला काय ठाऊक होते ते लिही आणि उजवीकडे त्याच तारखेला ते चारचौघांत काय बोलले ते. 'दुबळेपणा', 'अहंकार' हे शब्द तूर्त बाजूला ठेव; दोन रकान्यांतले अंतर कधी वाढले आणि ते कोणाच्या लक्षात आले, एवढेच शोध. ईडन यांच्या सरकारात राज्यमंत्री असलेल्या अँथनी नटिंग यांनी राजीनामा का दिला, हे तुला त्यातूनच उलगडेल.

हंगेरीतला उठाव चिरडायला बुडापेस्टमध्ये 4 नोव्हेंबरला सोव्हिएत रणगाडे घुसले, हा परिच्छेद तू शेवटी ढकलला आहेस, तो वर आण. सोव्हिएत आक्रमणाचा निषेध करताना ब्रिटनचे शब्द त्या आठवड्यात इतके पोकळ का वाटले, ते तिथेच लिहायला हवे. तिसरे पान पुन्हा लिहून रविवारी सकाळी घेऊन ये.