ऐरोलीची ऑफर आणि तुझी ती अर्धवट पोस्ट

ठाणे, रविवार दुपार

अरे, तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला, एकदा भाजी चिरताना आणि एकदा नीट बसून, आणि दोन्ही वेळा वाटलं की तुझं ठरलेलंच आहे, फक्त कोणीतरी मान डोलवावी एवढंच हवंय तुला. वागळे इस्टेटची ॲनालिटिक्सची एजन्सी, म्हणजे लोकांच्या साइटवर कोण येतं नि काय करतं हे मोजायचं काम, सोडून ऐरोलीच्या कंपनीत जाऊ का, आणि गेलो तर ब्लॉगचं काय करू. मेसेजवरच उत्तर देणार होते पण मग ते तुझ्यापेक्षा लांब झालं असतं, म्हणून लिहितेय. आणि ते मॅडम बंद कर बाबा. ताई म्हण, मावशी म्हण, मॅडम नको.

आधी ऑफर. घणसोलीहून ऐरोली म्हणजे मध्ये फक्त रबाळे, दोन स्टेशनांत ऑफिस. आत्ता तू ठाण्याला उतरून पुलावरून ढकलत ढकलत बाहेर येतोस आणि मग वागळेसाठी रिक्षाच्या लायनीत उभा राहतोस, पावसात तर विचारूच नको. हा वाचणारा वेळ पगारात धरायचा असतो, कोणी धरत नाही. मी आठ वर्षं ठाणे ते लोअर परळ केलंय त्यामुळे मला पटवायला तुला फार बोलावं लागणार नाही. सीटीसीचा, म्हणजे कंपनीला तू वर्षाला केवढ्यात पडतोस तो आकडा मोठा दिसतोय, पण त्यात व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर अवलंबून असलेला भाग किती आणि पाच वर्षं टिकलास तरच मिळणारी ग्रॅच्युइटी किती ते बाजूला काढ आणि दरमहा हातात काय येतं ते बघ, बस, पैशाबद्दल मला एवढंच म्हणायचंय.

खरा प्रश्न वेगळा आहे. एजन्सीत तू वर्षाला दहा-बारा साइट बघतोस, म्हणजे दहा-बारा प्रकारच्या चुका बघतोस, त्यात हात तयार होतो. पण तुझा रिपोर्ट गेल्यावर पुढे काय झालं हे तुला कधीच कळत नाही. कंपनीत एकच साइट, रोज तीच, कंटाळा येतो, पण तू दिलेल्या आकड्यावर कोणीतरी बटण हलवतं आणि महिन्याभराने तूच बघतोस की तुझं चुकलं होतं. ते शिक्षण एजन्सीत मिळत नाही. म्हणून जा असंच म्हणेन, पण त्याआधी त्यांना दोन गोष्टी विचार. एक नवा टॅग, म्हणजे पानावर काय घडलं ते मोजणारा छोटा कोड, साइटवर लाइव्ह जायला किती दिवस लागतात? आणि आकडे बघून शेवटचा कुठला निर्णय बदलला? पहिल्याचं उत्तर 'दोन-तीन दिवस' आलं तर छान, 'पुढच्या रिलीजमध्ये बघू' आलं तर समज की तुझं निम्मं आयुष्य डेव्हलपरच्या मागे फिरण्यात जाणार आहे. दुसऱ्या प्रश्नावर समोरचे एकमेकांकडे बघायला लागले तर जरा सावध हो.

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. माझी दुसरी उडी निव्वळ पदासाठी होती, व्हिजिटिंग कार्डावर 'हेड' लिहून मिळणार होतं, आणि आई सगळ्या नातेवाइकांना सांगत होती. तिथे ॲनालिटिक्स म्हणजे सोमवारची पीपीटी. साहेबांच्या मनात जे आधीच ठरलेलं असायचं त्याला शोभेल असा आकडा शोधून द्यायचा, आणि नाही सापडला तर तारखांची रेंज बदलून बघायची. अकरा महिने काढले. त्या अकरा महिन्यांत ब्लॉगवर एक ओळ लिहिली नाही. तेव्हा वाटायचं वेळ नाही म्हणून, आता कळतं की लिहिण्यासारखं काही होतच नव्हतं, आणि आपल्याला ते कळत नव्हतं पण ब्लॉगला कळलं होतं. तर नव्या जागी तीन-चार महिने काहीच सुचलं नाही तर वेळेला दोष देण्याआधी कामाकडे एकदा बघ.

आता ब्लॉग. तू म्हणालास आठवड्याला एकशे चाळीस लोक येतात, त्यातले अर्धे बॉट असतील, मग कशाला चालवायचा. अरे, तू दुसऱ्यांचे आकडे बघून पोट भरतोस आणि स्वतःच्या आकड्यांवर नवशिक्यासारखा रडतोस! मीही तेच केलंय म्हणा. सुरुवातीला मी स्वतःचे आकडे दर तासाला बघायचे, नंतर रियलटाइम रिपोर्ट आला तेव्हा तर कळस झाला, रात्री अकराला 'आत्ता 1 जण साइटवर' असं दिसायचं आणि मग लक्षात यायचं की तो एक जण म्हणजे मीच.

मला त्या ब्लॉगचा उपयोग कशाला झाला ते सांगते, मग ठरव.

2013 ची गोष्ट. गुगलचा टॅग मॅनेजर, म्हणजे हे टॅग एकाच जागेवरून लावायची सोय, येऊन जेमतेम वर्षही झालं नव्हतं, आम्ही एका क्लायंटची साइट त्यावर हलवली. मी हलवली. नवा टॅग लावला, पब्लिश केलं, पण हेडरमधला जुना कोड काढायचा राहिला. म्हणजे प्रत्येक पान उघडलं की पेजव्ह्यू, 'पान बघितलं' ही नोंद, दोनदा जात होता. त्या काळच्या हिशोबात एका सेशनमध्ये, म्हणजे एका भेटीत, एकच हिट, म्हणजे नोंद, आला तर तो बाउन्स, आला तसाच गेला, इथे तर कोणी पान उघडून लगेच पळाला तरी दोन हिट. बाउन्स रेट पन्नाशीच्या पुढे होता तो धाडकन तीन-चार टक्क्यांवर आला. पेजव्ह्यू दुप्पट. सेशन जिथल्या तिथे. हे बघून कोणालाही शंका यायला हवी होती, पण आदल्या आठवड्यातच साइटचं नवं डिझाइन लागलं होतं त्यामुळे सगळ्यांना वाटलं डिझाइनची कमाल. क्लायंटच्या ऑफिसात समोसे आले. मीही खाल्ले.

त्या रात्री परतीच्या गाडीत, विक्रोळी गेलं असेल, दारातल्या हवेला उभी होते आणि एकदम पोटात गोळा आला. असं चारही बाजूंनी चांगलं कधी होत नाही. घरी येऊन सोर्स उघडला, दोन कोड. मग दोन दिवस मी गप्प बसले, हे लिहायला आजही बरं वाटत नाही. तिसऱ्या दिवशी साहेबांना सांगितलं. पिक्चरमधल्यासारखं काही झालं नाही, त्यांनी पाठ थोपटली नाही, चांगले चिडले, रिपोर्ट परत करायला लावला आणि तो क्लायंट माझ्याकडून काढून शेजारच्या मुलाला दिला.

दोन वर्षांनी मी हे सगळं लिहून काढलं, क्लायंटचं नाव नाही, आकडा नाही, फक्त काय केलं, का दिसलं नाही आणि दोन दिवस गप्प का बसले. वाचली किती जणांनी माहीत नाही, फार नसावी. पण पुढे एका इंटरव्ह्यूला गेले तर समोरच्या बाईंनी ती पोस्ट फोनवर उघडूनच ठेवली होती. पाऊण तास फक्त त्यावर. सर्टिफिकेट कोणी मागितलं नाही. सेशन का वाढले नाहीत ते सांगा, आता असं झालं तर किती वेळात पकडाल, दोन दिवसांऐवजी दोन तासांत सांगितलं असतं तर काय झालं असतं. ती नोकरी मिळाली, आणि माझ्या सगळ्या नोकऱ्यांत तीच सगळ्यात चांगली.

त्यामुळे तू मला जी अर्धवट पोस्ट पाठवली होतीस ना, पेमेंट गेटवेची, ती तुझी आतापर्यंतची सगळ्यात भारी आहे. सगळी विक्री गेटवेच्या नावावर जमा होत होती, कारण गिऱ्हाईक पैसे भरायला तिकडे जाऊन परत येतं आणि रिपोर्टला वाटतं ते तिथूनच आलं, आणि ते डोमेन नको असलेल्या रेफरलच्या, म्हणजे 'इथून आला' असं धरायचं नाही अशा साइटच्या, यादीत टाकायचं तू विसरलास. मग मध्येच थांबलास आणि 'रेफरल म्हणजे काय' असा धडा सुरू केलास. तो धडा हजार ठिकाणी आहे. तू विसरलास कसा आणि पकडलंस कसं, ते एका तुझ्याचकडे आहे.

मराठीत लिहू की इंग्रजीत हेही विचारलंयस. छाप कशातही, पण पहिला खर्डा मराठीत कर. आपल्या धंद्यात शब्दांची झूल पांघरून न कळलेलं लपवता येतं. 'एंगेज्ड सेशन' हे आईला सांगून बघ. दहा सेकंदांपेक्षा जास्त थांबला, किंवा दोन पानं बघितली, किंवा आपण ठरवलेली महत्त्वाची गोष्ट केली, तर तो गुंतला असं धरायचं. हे बोलल्या बोलल्या आईच विचारेल, दहा सेकंदांत काय होतं रे, चहापण उकळत नाही. बरोबर विचारतेय ती. आणि जीए फोर, म्हणजे गुगल ॲनालिटिक्सची आत्ताची आवृत्ती, त्यातला बाउन्स रेट म्हणजे ह्याचंच उलटं, न गुंतलेल्या सेशनची टक्केवारी, जुन्या बाउन्सशी त्याचा फक्त नावापुरता संबंध, तरी आजही लोक जुना आणि नवा आकडा एका चार्टवर लावून मीटिंगमध्ये दाखवतात.

एक धोका मात्र आहे. नव्या कंपनीचं ॲग्रीमेंट सही करायच्या आधी नीट वाच. बाहेरच्या लिखाणाबद्दल काही कलम असेल तर एचआरला आत्ताच मेलवर विचार, 'माझा एक ब्लॉग आहे, कंपनीचं नाव आणि डेटा न वापरता लिहीन, चालेल ना', आणि उत्तर लेखी घे, कॅन्टीनमध्ये कोणी 'चालतंय रे' म्हणालं ते धरू नकोस. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कलम 17 आहे, नोकरीचा भाग म्हणून जे लिहिलंस त्याची पहिली मालकी कंपनीची, वेगळं काही ठरलं नसेल तर. म्हणून ब्लॉग घरच्या लॅपटॉपवर, घरच्या वेळेत. नोकरी सोडल्यावर स्पर्धकाकडे जायचं नाही असल्या अटी 1872 च्या करार कायद्याच्या कलम 27 पुढे साधारणपणे टिकत नाहीत, पण गोपनीयतेची अट टिकते, ती हसण्यावारी नेऊ नकोस.

ग्राफसुद्धा टाकू नकोस हं. मी एकदा टाकला होता, बाजूचे आकडे झाकून, नाव पुसून, मला वाटलं झालं काम. दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी ती साइट दोन तास बंद पडली होती आणि ग्राफमध्ये तो खड्डा तस्साच दिसत होता, त्यांच्याच माणसाने ओळखला. पोस्ट काढली, माफी मागितली, तरी तोंड दाखवायची सोय राहिली नव्हती. उदाहरण दाखवायचंच असेल तर गुगलच्या मर्चंडाइज स्टोअरचं डेमो अकाउंट सगळ्यांना उघडं आहे, आणि बिगक्वेरीवर, म्हणजे गुगलच्याच डेटाच्या गोदामात, त्याच दुकानाचा नोव्हेंबर 2020 ते जानेवारी 2021 चा नमुना डेटा आहे, त्यावर खेळ की हवं तेवढं.

आणि ब्लॉग स्वतःच्या डोमेनवर घे, ह्या महिन्यातच, दुसऱ्याच्या जागेचा भरवसा नाही. गुगलला 1 जुलैचं काय आहे कोण जाणे. गुगल रीडर, म्हणजे सगळ्या ब्लॉगच्या नव्या पोस्ट एका जागी वाचायची सोय, बंद करायची तारीख 1 जुलै 2013, माझे निम्मे वाचक त्यातूनच यायचे, ते परत काही दिसले नाहीत. युनिव्हर्सल ॲनालिटिक्सने, म्हणजे जीए फोरच्या आधीच्या आवृत्तीने, फुकटवाल्यांचा डेटा घेणं थांबवलं 1 जुलै 2023 ला, आणि 1 जुलै 2024 पासून जुने रिपोर्ट उघडायचेही बंद. माझ्या स्वतःच्या ब्लॉगचे सगळ्या वर्षांचे आकडे त्यात गेले, क्लायंटचे मात्र मी वेळेत उतरवून दिले होते. पोस्ट सगळ्या शाबूत आहेत कारण त्यांचा बॅकअप होता. तुझ्या जीए फोरमध्ये डेटा रिटेन्शन, म्हणजे माहिती किती काळ ठेवायची ते, मुळात 2 महिन्यांवर असतं, ते 14 कर, आणि बिगक्वेरीला जोडून टाक, कारण जोडायच्या आधीचं काही तिथे येत नाही. हे सांगून परत तुला आकड्यांच्या नादी लावतेय खरं, पण धंदा आहे आपला.

जायचं ठरलं की लिंक्डइनवर ते 'थ्रिल्ड टु अनाउन्स' टाकशीलच, टाक, सगळेच टाकतात. ब्लॉगवर मात्र दोन ओळी पुरेत, अमुक ठिकाणाहून अमुक ठिकाणी गेलो, ह्यापुढे इथलं लिखाण माझं एकट्याचं, कंपनीचं नाही. आणि 'आता दर मंगळवारी नवी पोस्ट' असलं काही कबूल करू नकोस. माझ्या ब्लॉगवर एके काळी लागोपाठ तीन पोस्ट होत्या आणि तिन्ही 'बरेच दिवस लिहिलं नाही, सॉरी' अशा, तारखा बघितल्या तर मध्ये चार-चार महिने. कोणीही विचारलं नव्हतं कुठे होतीस म्हणून.

ऑफर लेटरची पीडीएफ मेलवर पाठव, शेवटची तीन-चार पानं कोणी वाचत नाही, ती मी वाचते. शनिवारी ठाण्याला येणारच आहेस तर साडेपाचला तलावपाळीला भेट, गडकरीच्या बाजूला. ती गेटवेची पोस्ट वहीत हाताने लिहून आण, मराठीत, लॅपटॉप नको, मोठ्याने वाचायला लावणार आहे.

ताई