दगडाची भुकटी, रॉक फॉस्फेट, जिप्सम: कुठल्या जमिनीला काय द्यावं?

शेतकरी बंधू-भगिनींनो, नमस्कार.

खरीप तोंडावर आला की मुंबईतल्या आमच्या कार्यालयात बियाण्यांचे आणि कीड-रोगाचे प्रश्न जास्त येतात. यंदा गोराई-मनोरीचे, आरेतल्या पाड्यांवरचे आणि मुंबईत नोकरी करून गावची शेती सांभाळणारे शेतकरी वेगळंच विचारत आहेत. दगडाची भुकटी शेतात टाकू का? डीएपीऐवजी रॉक फॉस्फेट चालेल का? खाऱ्या जमिनीला जिप्सम किती? पोटॅश आपल्याकडे का निघत नाही? सगळे प्रश्न खनिजांचे आहेत, म्हणून एकत्रच घेतो.

उत्तरं देण्याआधी एक सांगतो. खनिजात अन्नद्रव्य किती टक्के आहे, हा अर्धाच प्रश्न झाला. ते तुमच्या जमिनीत, तुमच्या पिकाच्या मुदतीत विरघळणार का, हा उरलेला अर्धा. पैसे वाचतात किंवा बुडतात ते इथे.

मुलुंडला राहणारे एक काका विचारतात: "माझी शेती मुरबाडला आहे. एका कंपनीची माणसं आली होती. काळ्या दगडाची बारीक भुकटी एकरी काही टन फुकट टाकून देतो, जमीन सुधारेल आणि कार्बनचे पैसेही मिळतील, असं म्हणतात. आमच्या शेजारी खडी क्रशर आहे, तिथली भुकटीही मिळेल. टाकू का?"

काका, यामागचं शास्त्र खरं आहे. आपला काळा दगड म्हणजे बेसाल्ट. त्यात चुना (कॅल्शियम ऑक्साइड) सुमारे १० टक्के आणि मॅग्नेशियम ऑक्साइड ५-६ टक्के असतं. पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून सौम्य आम्ल तयार होतं. ते दगडाला झिजवतं, त्यातून कॅल्शियम-मॅग्नेशियम सुटतं आणि कार्बन पाण्यात बायकार्बोनेटच्या रूपात बांधला जातो. ही नैसर्गिक झीज दगड बारीक दळून लवकर घडवायची, अशी ही कल्पना आहे. जगभर त्यावर संशोधन चालू आहे. मध्य प्रदेश आणि छत्तीसगडमधल्या लहान शेतकऱ्यांबरोबर हेच काम करणाऱ्या एका प्रकल्पाला २०२५ मध्ये मोठा आंतरराष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. उष्ण हवा, भरपूर पाऊस आणि आम्लधर्मी माती जिथे असते तिथे दगड लवकर झिजतो, आणि कोकणपट्ट्यात या तिन्ही गोष्टी आहेत. आपली तांबडी जांभ्याची माती याच बेसाल्टची आहे. लाखो वर्षांच्या पावसाने तिच्यातला चुना आणि मॅग्नेशियम वाहून गेलं, लोह आणि अॅल्युमिनियम मागे राहिलं. म्हणजे भुकटीने जमिनीचा आंबटपणा हळूहळू कमी होऊ शकतो.

पण ती खताची जागा घेईल असं कोणी सांगत असेल तर हिशेब मांडा. आपल्या बेसाल्टमध्ये पालाश (पोटॅश) साधारण अर्धा टक्का. एक टन भुकटीत फार तर ५ किलो पालाश, आणि तेही दगडाच्या स्फटिकात अडकलेलं. म्युरेट ऑफ पोटॅशच्या ५० किलोच्या एका गोणीत ३० किलो पालाश असतं आणि ते लगेच विरघळतं. स्फुरद (फॉस्फरस) बेसाल्टमध्ये नावापुरतं, आणि नत्र (नायट्रोजन) नाहीच. त्यामुळे भुकटी टाकली म्हणून भाताचं खत कमी करू नका.

क्रशरची भुकटी वेगळी गोष्ट आहे. ती बांधकामासाठी पाडलेली असते, तिच्यात जाड कण भरपूर असतात, आणि जाड कण झिजायला फार काळ लागतो. शिवाय जमिनीचा पोत बिघडतो. ती टाकू नका. कंपनीची भुकटी घ्यायची असेल तर तीन गोष्टी मागा. पहिली, त्या भुकटीचा प्रयोगशाळेचा अहवाल, त्यात निकेल आणि क्रोमियम किती ते पाहा, कारण बेसाल्टमध्ये हे धातू नैसर्गिकपणे असतात. दुसरी, मराठीतला लेखी करार. कार्बन क्रेडिट (बांधलेल्या कार्बनचा विकता येणारा हिशेब) कोणाच्या नावावर, किती वर्षांसाठी, जमीन विकली किंवा वाटणी झाली तर काय, हे त्यात स्पष्ट हवं. तिसरी, आधी पाच-दहा गुंठ्यांवरच प्रयोग, बाजूला भुकटी न टाकलेला तेवढाच तुकडा ठेवून. सातबारावर भावंडांची नावं असतील तर त्यांची संमती घेतल्याशिवाय सही करू नका. भुकटी पसरताना ती ओली करून घ्या आणि नाक-तोंड बांधा. मजुरांनाही हे करायला लावा.

कणकवलीकडच्या एका दादांचा प्रश्न: "आंबा आणि काजूची बाग आहे. डीएपी मिळाला नाही, दुकानदाराने रॉक फॉस्फेट दिलं. हा तर दगडच आहे. फसवणूक झाली का?"

दादा, फसवणूक झाली असं नाही, आणि तुमच्या जमिनीत हा सौदा चांगलाही ठरू शकतो. गोणीवर उत्पादकाचं नाव, स्फुरदाची टक्केवारी आणि बिल आहे ना, एवढं मात्र तपासा.

स्फुरदाचं प्रत्येक खत शेवटी रॉक फॉस्फेटमधूनच येतं. राजस्थानात उदयपूरजवळ झामरकोटडा इथे त्याची मोठी खाण आहे, मध्य प्रदेशात झाबुआ आणि हिरापूरला, बंगालमध्ये पुरुलियाला साठे आहेत. तरी आपली बरीचशी गरज मोरोक्को, जॉर्डन, इजिप्तसारख्या देशांतून भागते. हा दगड तसाच टाकला तर काळ्या, चुनखडीच्या जमिनीत तो जवळपास पडून राहतो. म्हणून कारखान्यात त्याच्यावर आम्लाची प्रक्रिया करतात. गंधकाम्ल वापरलं की सिंगल सुपर फॉस्फेट होतं. देशात ते १९०६ मध्ये तामिळनाडूतल्या राणीपेटला पहिल्यांदा तयार झालं. आपल्या चेंबूरला आरसीएफ या खत कारखान्यात सुफला हे खत बनतं, तिथे नायट्रिक आम्लाचा मार्ग वापरतात. लोकलमधून कुर्ला-चेंबूरकडे जाताना ज्या चिमण्या दिसतात, त्यांच्याशी कोकणातल्या भाताचं नातं आहे, हे शेतकऱ्यांच्या मुलांनी तरी जाणून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

आता तुमची जमीन. तिथल्या जांभ्याच्या मातीचा सामू (पीएच) बहुधा ५ ते ६ असतो, म्हणजे ती आंबट असते. जे काम कारखान्यात आम्ल करतं, ते थोडंफार ही आंबट माती स्वतः करते, सावकाश. आंबा, काजू, नारळ, सुपारी ही वर्षानुवर्षं उभी राहणारी झाडं आहेत, त्यांना घाई नसते. म्हणून इथे रॉक फॉस्फेट चालतं, आणि चांगल्या कुजलेल्या शेणखतात किंवा कंपोस्टमध्ये मिसळून दिलं तर जास्त चांगलं. त्याच वर्षी, त्याच आळ्यात चुना टाकू नका. चुन्याने आंबटपणा गेला की दगड विरघळायचा थांबतो.

भाताला मात्र रॉक फॉस्फेट देऊ नका. खाचरात पाणी साठलं की काही आठवड्यांत आंबट जमिनीचा सामू उदासीन होत जातो, आणि भाताला फुटव्यांच्या वेळी स्फुरद हवं असतं तेव्हा दगड विरघळत नाही. डीएपी नसेल तर भाताला असा पर्याय करा: एका डीएपी गोणीत ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद असतं. सिंगल सुपर फॉस्फेटच्या तीन गोण्या आणि युरियाची अर्धी गोणी घेतली तर जवळपास तेवढंच मिळतं, आणि वर १६ किलोच्या आसपास गंधक आणि भरपूर कॅल्शियम. डीएपीसाठी रांगेत उभं राहून दिवस घालवण्यापेक्षा हे बरं.

गोराईच्या ताई लिहितात: "भरतीचं पाणी बांध फोडून शेतात आलं. जमीन पांढरी पडली. एकाने जिप्सम टाका सांगितलं. किती टाकू?"

ताई, आत्ता अजिबात टाकू नका. आधी जमीन खारट आहे की चोपण, ते ठरवावं लागेल. जिप्सम हे राजस्थानात बिकानेर-नागौरकडे निघणारं खनिज, कॅल्शियम आणि गंधक यांचं. त्यातला कॅल्शियम मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमला हुसकावतो. म्हणून चोपण जमिनीला ते औषध आहे, म्हणजे जिचा सामू ८.५ च्या वर गेला आहे, जी ओली असताना चिकट आणि वाळली की दगडासारखी होते. समुद्राचं पाणी शिरलेली जमीन सहसा निव्वळ खारट असते. तिच्यात मीठ मोकळं असतं, आणि मोकळं मीठ धुऊन काढायला मुंबईचा २००० मिलिमीटरच्या वरचा पाऊस पुरेसा आहे. जिप्सम टाकून तुम्ही त्यात आणखी एक क्षार वाढवाल.

बांध आणि उघाडी (बांधातलं पाणी सोडायचं दार) पावसाआधी दुरुस्त करा, हे पहिलं काम. खाचरात पावसाचं पाणी साठवा, दोन-तीन दिवस मुरू द्या, आणि ओहोटीच्या वेळी उघाडीतून सोडा. हे जितक्या वेळा होईल तितकं चांगलं. जुनी माणसं हेच करत आली आहेत. मीठ उतरल्यावर चिखलणी करून मोड आलेलं बियाणं रहू पद्धतीने फेका, किंवा उशिरा लावणी करा. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने काढलेल्या पनवेल-१, २, ३ या जाती मीठ सोसतात. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये क्लोराइड असतं, ते यंदा टाळा. पालाश द्यायचंच तर सल्फेट ऑफ पोटॅश द्या. पावसाळा संपल्यावर मातीचा नमुना तपासा. विद्युत वाहकता, म्हणजे मातीतल्या क्षारांचं माप, ४ च्या खाली आली आणि तरी जमीन चोपण दिसत असेल, तर जिप्समची मात्रा अहवाल बघून ठरवू.

"पोटॅश इतकं महाग का? आपल्या देशात खाणी नाहीत का?" हा प्रश्न बऱ्याच जणांचा आहे.

म्युरेट ऑफ पोटॅश आपण सगळं बाहेरून आणतो. राजस्थानात नागौर-गंगानगर पट्ट्यात पोटॅशचे साठे सापडले आहेत, पण ते फार खोल आहेत. दुसरा मार्ग ग्लॉकोनाइटचा. ही हिरवी वाळू काही राज्यांत वरच्या थरातच मिळते, तिच्यात काही टक्के पालाश असतं. अडचण पुन्हा तीच: पालाश स्फटिकात घट्ट बसलेलं असतं आणि ते स्वस्तात मोकळं कसं करायचं, यावर काम चालू आहे. पवईच्या आयआयटीतल्या भूविज्ञानाच्या अभ्यासकांनीही ग्लॉकोनाइटवर संशोधन केलं आहे. कमी प्रतीचं खनिज दळून, धुऊन, वेगळं करून वापरण्याजोगं करायचं हे शास्त्र भुवनेश्वरच्या खनिज व पदार्थ तंत्रज्ञान संस्थेत १९६४ पासून आणि नागपूरच्या भारतीय खाण ब्युरोच्या प्रयोगशाळेत चालतं. २०२३ च्या कायदा दुरुस्तीत सरकारने २४ महत्त्वाच्या खनिजांची यादी केली. तिच्यात लिथियम-कोबाल्टच्या शेजारी पोटॅश, ग्लॉकोनाइट आणि फॉस्फेटही आहेत. मला हे फार मोलाचं वाटतं. बॅटरीच्या खनिजांची चर्चा सगळीकडे होते, शेताच्या खनिजांची होत नाही.

आज हातात असलेला देशी पर्याय मळीचा आहे. साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीतलं सांडपाणी बाष्पकात जाळलं की राख उरते, तिच्यापासून पालाशाचं खत बनतं. केंद्राने २०२१ मध्ये ते अनुदानात आणलं. त्यात पालाश किमान १४.५ टक्के, म्हणजे ५० किलोच्या गोणीत सव्वासात किलो. तेव्हा गोणीची किंमत बघू नका. किमतीला पालाशाच्या किलोंनी भागा आणि म्युरेटशी तुलना करा. आणि भात करणाऱ्यांनी घरचं खनिज विसरू नये: भाताच्या तुसाची काळी राख रोपवाटिकेत मिसळा. भात लागवडीच्या चारसूत्री पद्धतीतलं पहिलं सूत्र तेच आहे. तिच्यात सिलिका भरपूर आणि थोडं पालाशही, रोपं ताठ होतात.

आरेतल्या पाड्यावरून विचारलंय, भाताच्या खालच्या पानांवर तांबूस-तपकिरी ठिपके, रोप खुरटलेलं, जस्त टाकलं तरी फरक नाही.

लक्षणं जस्ताच्या कमतरतेची, म्हणजे खैरा रोगाची वाटतात. फरक न पडण्याची दोन कारणं असू शकतात. एक, झिंक सल्फेट डीएपीत मिसळून टाकलं असेल, तर दोन्ही एकमेकांना बांधून ठेवतात. दोन, झिंक सल्फेटमध्ये मॅग्नेशियम सल्फेटची भेसळ. घरी तपासा: डीएपीच्या गाळलेल्या द्रावणात झिंक सल्फेटचं द्रावण ओता. दाट गुठळ्या झाल्या तर माल बरा. मॅग्नेशियम सल्फेट असेल तर तशा गुठळ्या होत नाहीत. शंका आली तर गोणी आणि बिल जपून ठेवा आणि तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे तक्रार द्या. नमुना अधिकृत प्रयोगशाळेत तपासला जातो. खरं झिंक सल्फेट हेक्टरी २० ते २५ किलो, चिखलणीच्या शेवटी, स्फुरदाच्या खतापासून वेगळं द्या.

शेवटचा प्रश्न भांडुपला राहणाऱ्या एका ताईंचा: "गावी सिलिका वाळू धुतात, ते गढूळ पाणी आमच्या खाचरात येतं. पांढरा गाळ बसलाय. कोणाकडे जायचं?"

ताई, गाळ बोटभर असेल तर शेणखत घालून नांगरटीत मिसळून जाईल. जाड थर असेल तर नांगरायच्या आधी खरवडून काढा, कारण त्यात अन्नद्रव्य जवळपास नसतं आणि तो सुकला की जमीन पाणी पित नाही. पण त्याआधी तलाठी आणि कृषी सहाय्यकांना बोलावून पंचनामा करून घ्या, फोटो काढा, गट नंबर लिहा. खाणीमुळे बाधित गावांसाठी २०१५ च्या कायद्याने जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापन झालं आहे. खाणपट्टेधारक रॉयल्टीखेरीज त्यात पैसे भरतात. पिण्याचं पाणी, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण यांना त्यात प्राधान्य आहे. ग्रामसभेत ठराव करून, त्याची प्रत घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयातल्या खनिकर्म शाखेत अर्ज द्या. गावाच्या नावाने येणारा हा पैसा मागितल्याशिवाय गावात येत नाही. गणपतीला गावी जाल तेव्हा ग्रामसभेची तारीख विचारून घ्या.

माती परीक्षणासाठी नमुना शेणखत टाकण्याआधी घ्या, इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा करून, भात-भाजीसाठी २० ते २५ सेंटिमीटर खोलीचा. एका शेतातल्या आठ-दहा जागांची माती एकत्र करून त्यातली अर्धा किलो कापडी पिशवीत भरा. मृदा आरोग्य पत्रिकेवर १२ बाबी येतात. पुढचा प्रश्न पाठवताना त्यातले सामू, विद्युत वाहकता आणि जस्त हे तीन आकडे सोबत लिहा.