नोटेशनच्या खुणा जुळवण्यात करिअर आहे का?

प्रश्न : मुलगी बारावी कॉमर्सला आहे, व्हायोलिन शिकते. क्लासच्या ऑर्केस्ट्रासाठी म्यूजस्कोअर या सॉफ्टवेअरवर नोटेशन (स्वरलेखन) करते आणि रात्री उशिरापर्यंत खुणा इकडच्या तिकडे सरकवत बसते. यात काही भवितव्य आहे का? – एक आई, नाशिक

नमस्कार ताई,

तिचा वेळ वाया जात नाहीये. या कामाला, म्हणजे वादकाला वाचता येईल असं संगीताचं पान मांडण्याला, म्युझिक एन्ग्रेव्हिंग म्हणतात. हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रासाठी सेबॅस्टियन डिसूझांसारखे गोव्याचे अरेंजर (वाद्यमेळ रचणारे) स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरचं पाश्चात्त्य स्वरलेखन, लिहायचे. आता ते स्क्रीनवर होतं. स्टुडिओचं भाडं तासावर चालू असताना वादकाला पान पहिल्याच नजरेत वाचता यायला हवं.

मात्र ती खुणा कशा सरकवते, हे पाहा. प्रत्येक खूण कुठल्या तरी स्वराला किंवा मात्रेला जोडलेली असते; ओढताना तुटक रेघ दिसते ती तीच. फोर्टेची (जोरात वाजवण्याची) खूण चुकीच्या स्वराला जोडली आणि ऑफसेट देऊन, म्हणजे जोडणी तशीच ठेवून, नुसती बाजूला नेली, तर पान आज नीट दिसेल. उद्या बारची (दोन उभ्या रेघांमधल्या भागाची) रुंदी बदलली की खूण भलतीकडे जाईल, आणि प्लेबॅक तर आधीपासूनच चुकीच्या जागी जोरात वाजत असेल. म्हणून आधी जोडणी तपासायची, मग सॉफ्टवेअरच्या स्टाइल सेटिंगमधून सगळ्या पानांसाठी एकच अंतर ठरवायचं, आणि उरलंसुरलं तेवढंच हाताने. वाद्यांच्या पार्टमध्ये (प्रत्येकाच्या वेगळ्या पानावर) फोर्टे आणि पियानो (जोरात आणि हळू) या खुणा स्टाफच्या खाली येतात, गायकाच्या पार्टमध्ये वर, कारण खाली शब्द असतात. असे नियम तिला पाठ हवेत.

एकाच सॉफ्टवेअरवर विसंबू नये. फिनाले इतकं जुनं, पण ऑगस्ट २०२४ मध्ये कंपनीने त्याचा विकास थांबवल्याचं जाहीर केलं. सिबेलियस किंवा डोरिको हळूहळू शिकावं, आणि प्रत्येक कामाची म्यूझिकएक्सएमएल (एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेता येणारी) प्रत ठेवावी.

मला सर्वांत जास्त आशा वाटते ती हिंदुस्थानी संगीताच्या भातखंडे स्वरलेखन पद्धतीबद्दल. मंद्र (खालच्या सप्तकातला) कोमल निषाद घ्या : अक्षराखाली कोमलची आडवी रेघ, मंद्राचा बिंदू, आणि एका मात्रेत दोन स्वर असतील तर त्याखाली कंसही. तिन्ही एकमेकांना चिकटता कामा नयेत. तार (वरच्या) सप्तकातल्या 'रे'चा वरचा बिंदू अक्षराच्या एकाराच्या मात्रेला टेकला तर तो 'रें' वाचला जातो. पाश्चात्त्य स्टाफसाठी बनलेल्या सॉफ्टवेअरमध्ये याची तयार सोय सहसा नसते. गाणं आणि टाइपसेटिंग दोन्ही कळणारं माणूस प्रकाशकांना आणि संगीत विद्यालयांना हवंच असतं.

पैशांचं स्पष्ट सांगतो. हे काम बहुतांशी फ्रीलान्स आहे, दरमहा पगाराची खात्री नाही. कॉमर्स सोडू देऊ नका. बिलं, करार, जीएसटी तिलाच सांभाळायचे आहेत. या सुट्टीत तिच्याकडून तीन नमुने करून घ्या : स्ट्रिंग क्वार्टेटचे (चार तंतुवाद्यांच्या रचनेचे) चार वेगळे पार्ट, शब्दांसह एक गीत, आणि भातखंडे पद्धतीतली एक बंदिश. पार्ट छापून क्लासमधल्या वादकांसमोर ठेवा, आधी न दाखवता वाजवायला सांगा. ते जिथे अडखळतील तिथे तिने पेन्सिलने खूण करावी आणि तेवढा भाग पुन्हा मांडावा.