मड पंप दोनदा जळाला : कपॅसिटर मोठा टाकू नका

प्रश्न : दौंड तालुक्यात मुळा-मुठेच्या काठाला आमची ४० फुटी विहीर आहे. गाळाचं पाणी उपसायला एक एचपीचा सिंगल फेज मड पंप घेतला. दोन महिन्यांत दोनदा मोटर भरून आणली. दुकानदार म्हणतो, कपॅसिटर मोठा टाका, नाहीतर दोन एचपी घ्या. याच पंपावर ठिबक चालेल का? अनुदान मिळेल का?

उत्तर : कपॅसिटर (सिंगल फेज मोटर सुरू करायला लागणारा डबा) बदलायचा तर मोटरच्या पाटीवर जेवढे मायक्रोफॅरड लिहिलेत तेवढाच. मोठा टाकला की मोटर झटक्यात उचलते, दुकानदाराचं म्हणणं खरं वाटतं आणि थोड्याच दिवसांत वाइंडिंग, म्हणजे आतलं तारेचं गुंडाळं, काळं पडतं. करंट जादा झाला की मोटर बंद करणाऱ्या ओव्हरलोडचा आकडा वाढवून देणारे मिस्त्रीही त्याच माळेतले. आकडा पाटीवरच्या अँपिअरइतकाच ठेवा. ट्रिप झाली तर पंप वर काढून इंपेलर, म्हणजे पाणी फेकणारं चक्र, बघा. निम्म्या वेळा दांड्याला सुतळी नाहीतर जलपर्णीची मुळं गुंडाळलेली सापडतात.

पाटीवर हेडही बघा, म्हणजे पंप पाणी किती उंच चढवतो ते. कमाल हेड १२ मीटर असेल तर ४० फुटांवर पाणी पडणारच नाही. पंप आतल्या आत घुसळत तापतो. दुकानात एचपी विचारू नका, 'इतक्या उंचीला मिनिटाला किती लिटर?' हे विचारा. उत्तर आलं नाही तर दुसरं दुकान.

मड पंप गढूळ पाण्यासाठी आहे, गाळासाठी नाही. मोटर भोवतालच्या पाण्यानेच थंड राहते. गाळात रुतली की भाजते. माझा आग्रह टोमॅटोच्या कॅरेटचा. कॅरेटच्या तळाला दोन विटा, त्यावर पंप उभा, आणि ते कॅरेट नायलॉन दोराने गाळाच्या फूटभर वर टांगायचं. पिशव्या, मुळं कॅरेटच्या जाळीलाच अडकतात. पाणी मोटरच्या अंगाखाली उतरलं की बंद. उरलेला बसका गाळ यारीने काढा आणि शेतात पसरा. पंप केबलला धरून कधीच उचलू नका. कधीच नाही. केबलच्या तोंडातून पाणी आत जातं आणि दोष कंपनीला लागतो.

काम झालं की दहा मिनिटं स्वच्छ पाण्यात चालवा. हंगामाआधी सीलच्या कप्प्यातलं तेल बघा. दुधासारखं पांढरं दिसलं तर सील गेलं. 'वरून तेल भरा, चालेल' असं कोणी सांगितलं तर चालणार नाही, सील बदला.

विहिरीत माणूस उतरणार असेल तर विहिरीवरच्या नेहमीच्या मोठ्या मोटरचा ऑटोस्विच आधी काढा. लाइट आली की ती आपोआप सुरू होते. मी तर फ्यूज काढून खिशात घालायला सांगतो.

ठिबक या पंपावर नको, ड्रिपर तुंबतील. पाणी हौदात सोडा, रात्रभर निवळू द्या, वरचं पाणी नेहमीच्या मोटरने सँड फिल्टरमधून घ्या.

अनुदान : घेऊन झालेल्या पंपाला नाही. पंपसंचासाठी महाडीबीटीवर (राज्य सरकारचं योजनांचं पोर्टल) अर्ज, पूर्वसंमती, मगच खरेदी. दुकानदार 'बिल मागची तारीख टाकून देतो' म्हणाला तर तिथूनच परत फिरा.