तामिया टीटी-02 चा वेग वाढवायचाय, ब्रशलेस मोटर घेऊ का?

तुमची टीटी-02, म्हणजे तामियाची रिमोट कंट्रोल गाडी, किटमधल्या 540 ब्रश्ड (कार्बन ब्रशच्या साध्या) मोटरवरच चालतेय, ती मंद वाटते आणि हातातले पैसे ब्रशलेसवर (बिनब्रशच्या, जास्त ताकदवान मोटरवर) घालावेत का, असं विचारलंय. माझं मत: आत्ता नको. आधी बेअरिंग बघा.

मोटर काढून ठेवा, गाडी हातात धरा आणि एक चाक बोटाने जोरात फिरवा. माझ्या गाडीचं चाक जेमतेम एक फेरा मारून थांबायचं. आत बेअरिंगऐवजी प्लास्टिकची बुशिंग (नुसत्या कड्या) होती आणि पार्किंगमधली धूळ जाऊन त्यांची भोकं लांबट झाली होती. चाक धरून हलवलं की खुळखुळ जाणवायची. म्हणजे मोटरची बरीच ताकद घासण्यातच जात होती. तिथे दुप्पट ताकदीची मोटर बसवली असती तर तिनेही आधी बुशिंगच खाल्ली असती. टीटी-02 ला 1150 मापाची बेअरिंग लागतात, म्हणजे बाहेरून 11 आणि आतून 5 मिलिमीटर. किती लागतील ते तुमच्या मॅन्युअलमधून मोजा आणि रबर सीलचीच घ्या, आपल्याकडच्या धुळीत तीच टिकतात. गिअरबॉक्स उघडलाच आहे तर जुनं काळं पडलेलं ग्रीसही पुसून काढा. हे सगळं झाल्यावर मी तेच चाक फिरवलं आणि ते फिरतच राहिलं. बॅटरी तीच, मोटर तीच, पण गाडी एका चार्जवर जास्त वेळ पळू लागली आणि मोटर कमी तापू लागली.

मग डॅम्पर, म्हणजे चाकांचे शॉक अॅब्सॉर्बर. तुमच्या किटमध्ये नुसत्या स्प्रिंगचे, बिनतेलाचे असतील तर ऑइल डॅम्पर घाला. पेव्हर ब्लॉकवर गाडी उडते तेव्हा टायर जमीन सोडतो, आणि हवेत फिरणाऱ्या चाकाचा वेग काय कामाचा! टायर प्रत्येक रनआधी ओल्या फडक्याने पुसा. फुकटात मिळणारी ग्रिप आहे ती.

त्यानंतर गिअरिंग. 22 दातांचं पिनियन (मोटरवरचं छोटं चक्र) आणि 70 दातांचा स्पर (ते फिरवतं ते मोठं चक्र) असेल तर अंतिम गुणोत्तर 8.27 पडतं, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला मोटरचे 8.27 फेरे. पिनियन मोठं केलं की टॉप स्पीड वाढते, पिकअप कमी होतो आणि मोटर जास्त तापते. म्हणून एकेक दात वाढवा, पाच मिनिटं पळवा, मोटरच्या डब्यावर बोट टेकवा. बोट ठेववत नसेल तर एक दात मागे या.

बॅटरीबाबत मात्र घाई करू नका. 7.2 व्होल्टच्या निकेल पॅकऐवजी 7.4 व्होल्टची टू-एस (दोन सेलची) लायपो, म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरी, लावली की फरक आकड्यात थोडा दिसतो, पण थ्रॉटल दाबल्यावर लायपोचा व्होल्टेज निकेलपेक्षा कमी घसरतो, म्हणून गाडी झटकन निघते. तुमच्या ईएससीत (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या स्पीड कंट्रोलरमध्ये) लायपो कट-ऑफ, म्हणजे व्होल्टेज फार उतरला की मोटर थांबवणारी सोय, आहे का ते लावण्याआधीच तपासा. नसेल तर बॅलन्स प्लगला (बॅटरीच्या प्रत्येक सेलला जोडलेल्या छोट्या प्लगला) छोटा अलार्म लावा आणि तो सेलमागे 3.3 व्होल्टला वाजेल असा सेट करा. चार्जिंगला लावून झोपायचं किंवा बाहेर जायचं नाही, कधीच नाही.

एवढं करूनही वेग अपुरा वाटला तर ब्रशलेस जरूर घ्या, पण ईएससी किती टर्नपर्यंतची (मोटरमधल्या तारेचे वेढे) मोटर झेलते ते बघून. तोवर बेअरिंग बदलल्यावर चाक किती वेळ फिरतं ते इथे कळवा, मग पिनियन किती दातांचं घ्यायचं ते ठरवू.